बंपरचा रंग खालून सुटतो

करोल बागेत गाडी बाळगणाऱ्याला काही वर्षांनी बंपर हा गाडीचा भाग न वाटता किराणा सामानासारखी संपणारी वस्तू वाटू लागते. रैगरपुरा-बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांत सराफी दुकानांपुढून गाडी काढायची, समोरून ई-रिक्षा घुसलेली, मागे कुणीतरी स्कूटर आडवी लावून चहाला गेलेला. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून येऊन इथे सोने-चांदी गलाईचा धंदा करणाऱ्या मराठी कुटुंबांना या गल्ल्या पाठ आहेत, तरी त्यांच्याही गाड्यांच्या कोपऱ्यांवर ओरखडे दिसतातच. उपाय हाकेच्या अंतरावर असतो. नाईवाला, आर्य समाज रोड, हरध्यान सिंग रोड या पट्ट्यात मोटारीच्या अ‍ॅक्सेसरीजची दुकाने ओळीने आहेत. बंपर, गार्ड, जाळी, क्लिपा, फॉग लॅम्प, सगळे मिळते. (सोमवारी बाजार बंद असतो, एवढे लक्षात ठेवून निघा.) दुकानदाराच्या ओळखीचा पेंटरही असतो आणि तो सांगतो, "शाम तक गाडी ले जाना."

संध्याकाळी गाडी खरोखर चकाचक मिळते. रंगाचे पोपडे निघतात ते पुढच्या उन्हाळ्यात, किंवा कार वॉशवाल्याने प्रेशरचा पाइप जवळून मारला की त्याच दिवशी. मग आपण म्हणतो, रंग हलका वापरला. बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतो. पोपडा उलटा करून पाहा: मागची बाजू गुळगुळीत असेल आणि बंपरवर खाली स्वच्छ काळे प्लॅस्टिक दिसत असेल, तर रंग तिथे कधी चिकटलेलाच नव्हता. म्हणून पैसे मोजताना रंगाच्या डब्याचे नाव विचारण्यापेक्षा रंगाच्या आधीचे काम कोण, कसे आणि किती वेळ करणार हे विचारा. पुढे जे सांगतो आहे ते बहुतांश त्या आधीच्या कामाबद्दलच आहे.

अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीचा बंपर पोलादी होता, वर क्रोमचा मुलामा. तो रंगवायचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत १९६८ च्या पाँटियॅक जीटीओला गाडीच्याच रंगाचा लवचीक बंपर आला, युरोपात १९७२ च्या रेनो ५ ने प्लॅस्टिकचा बंपर लोकप्रिय केला. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यात ईपीडीएम हे रबर मिसळलेले असते, म्हणून तो दाबला की आत जातो आणि परत येतो. कडकपणासाठी शंखजिऱ्याची भुकटीही घातलेली असते.

गोम पॉलिप्रॉपिलीनमध्येच आहे. हे प्लॅस्टिक कुणाला जवळ करत नाही. त्याची पृष्ठऊर्जा साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, आणि रंग नीट पसरून धरायला ती ३८-४० च्या घरात लागते. पत्र्याला घासून प्रायमर मारला की तो धरतो. इथे नुसते घासून भागत नाही. कारखान्यात बंपरवरून क्षणभर ज्योत फिरवतात, त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात आणि रंगाला धरायला जागा मिळते. किंवा क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन असलेला विशेष प्रायमर मारतात. गॅरेजमध्ये आपल्या हातात असतो तो हा दुसरा मार्ग. बाजारात त्याला अ‍ॅडहेजन प्रमोटर किंवा प्लॅस्टिक प्रायमर म्हणतात. लहान डबा, पाण्यासारखा पातळ, बहुधा पारदर्शक. मारलेला दिसतही नाही, म्हणून घाईत तोच गाळला जातो.

बंपर कशाचा आहे हे आधी पाहा. आतल्या बाजूला साच्यातच उमटलेली खूण असते, दोन टोकदार कंसांत इंग्रजी अक्षरे. आयएसओ ११४६९ या मानकाप्रमाणे ही खूण करतात. पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन), ईपीडीएम किंवा टीपीओ असेल तर प्रमोटर हवाच. त्यापुढे टीडी २० असेल तर त्यात वीस टक्के शंखजिरे आहे. एबीएस असेल तर काम सोपे, तो रंगाला धरतो. जाळ्या आणि आरशांची आवरणे बरीचशी एबीएसची असतात. पीयूआर म्हणजे पॉलियुरेथेन, जुन्या परदेशी गाड्यांत सापडणारे. खूण नसेल तर काही पेंटर कडेची चिपटी कापून पाण्यात टाकतात: तरंगली तर पीपी, बुडाली तर दुसरे काहीतरी. शुद्ध पीपीची घनता ०.९ च्या आसपास असल्यामुळे ही परीक्षा खरी आहे, पण अर्धीच. वीस टक्के शंखजिरे घातलेले पीपी पाण्याहून किंचित जड होते आणि बुडते. तेव्हा तरंगले तर पीपी समजा, बुडाले तर निष्कर्ष काढू नका आणि प्रमोटर माराच. तो नको तिथे मारल्याने सहसा बिघडत नाही, हवा तिथे न मारल्याने मात्र सगळे बिघडते. ज्या लोकल बंपरावर खूणच नाही तो शक्यतो घेऊ नये असे माझे मत आहे. रंगाआधीच त्याची फिटिंग त्रास देते. पैसे देण्यापूर्वी दुकानासमोरच गाडीला लावून हेडलाइटजवळच्या फटी पाहून घ्या. रंगवलेला बंपर कुणी परत घेत नाही.

नवा बंपर दोन रूपांत मिळतो, कोरा काळा किंवा राखाडी प्रायमर मारलेला. राखाडी पाहून खूष होऊ नका. आतल्या कडेला एका जागी थिनरने भिजवलेला बोळा काही सेकंद दाबून घासा. प्रायमर विरघळून बोळ्यावर आला, तर ते फक्त वाहतुकीतले आवरण आहे आणि त्याच्यावर चढवलेला रंग त्याच्यासकट निघेल. प्रायमर टिकला तर ब्लेडने बारीक फुली मारून तिच्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्याने ओढा. कड उठली नाही तर प्रायमर पक्का. तो ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने ओला घासून थेट रंगाकडे जाता येते. घासताना कुठे प्लॅस्टिक उघडे पडले तर तेवढ्या जागी प्रमोटर.

कोऱ्या काळ्या बंपरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो. तो डोळ्याला दिसत नाही. आधी कोमट साबणपाणी, मग स्वच्छ पाणी, मग प्लॅस्टिकसाठीचा क्लीनर, हाच क्रम. काही घाण पाण्याने जाते, काही फक्त द्रावकाने, एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. क्लीनर लावताना दोन फडकी हवीत, एकाने ओले करायचे आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसून घ्यायचे. एकाच फडक्याने फिरवत राहिलो तर घाण जागा बदलते, जात नाही. पेट्रोल किंवा साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर उघड्या पीपीवर ओतू देऊ नका: ते रबराच्या अंशात मुरतात, पृष्ठभाग फुगतो आणि रंग चढल्यावर वाफ बाहेर यायला लागते. रंगाचा बंद बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये बंपर ६० अंशांच्या आसपास तासभर तापवून आतले द्रव्य बाहेर काढतात आणि पुन्हा पुसतात. ही सोय असेल तर जरूर मागा.

स्वच्छ झाल्यावर राखाडी स्क्रबर पॅड आणि घासायची पेस्ट घेऊन सगळा बंपर एकसारखा निस्तेज करायचा. काठ, खाचा, फॉग लॅम्पच्या भोकांच्या कडा, नंबरप्लेटची खोबण या जागा हातातून सुटतात आणि पोपडे बहुधा तिथूनच सुरू होतात. चकाकणारा एकही ठिपका राहता कामा नये. जाड कागद लावून कोरडे घासू नका. पीपी गरम होऊन त्याला केसासारखी लव येते आणि ती रंगातून वर दिसते. (दुकानात 'रेगमाल' मागा, म्हणजे आपला पॉलिश पेपर.) पाणी टाकून ते एकसंध पसरते की थेंब धरते हे पाहण्याची जुनी रीत आहे. रंगलेल्या किंवा प्रायमर मारलेल्या भागावर ती विश्वासार्ह आहे. कोऱ्या पीपीवर मात्र पाणी तसेही गोळा होते, तिथे तिच्यावरून घाबरू नका.

जुना बंपर रंगवायचा असेल तर शत्रू निराळा आहे. करोल बागेतच कधीतरी त्याच्यावर सिलिकॉनची चमक मारलेली असते, टायर काळे करणारा स्प्रे उडालेला असतो, कोपऱ्याच्या रबरी पट्ट्यांचा गोंद राहिलेला असतो. सिलिकॉनचा अंशही ताज्या रंगात गोल खड्डे पाडतो, त्यांना पेंटर फिश आय म्हणतात. घासण्याच्या आधीच सिलिकॉन काढले पाहिजे, नाहीतर कागद ते ओरखड्यांच्या तळात भरतो. रंगवायचे ठरले की महिनाभर आधीपासून पॉलिश बंद करा. जुना रंग घट्ट असेल तर तो सगळा खरवडायची गरज नाही, तोच चांगला पाया आहे. सुटलेला भाग ब्लेडने उचलेल तितका उचलायचा आणि कडा बोटाला पायरी लागणार नाही इतक्या उतरत्या घासायच्या. रंग काढायचे रसायन मात्र प्लॅस्टिकवर नको.

चीर असेल तर फेविक्विक आणि एम-सील यांना तिथे काम नाही. पीपीला दोन्ही धरत नाहीत आणि लवचीकही नसतात. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून तिचे पुढे सरकणे थांबवतात, मागून-पुढून इंग्रजी व्ही आकाराची खाच करतात आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या काडीने वेल्डिंग करतात. मागे जाळी किंवा गरम करून रोवलेल्या तारेच्या पिना बसवल्या तर जोड टिकतो. रस्त्याकडेचा कारागीर सोल्डरिंग आयर्नने हे सुरेख करतो. त्याने काडी म्हणून वापरलेला तुकडा पीपीचाच आहे ना, एवढे पाहा. पोचा असेल तर हीट गन किंवा कढत पाणी आणि आतून हाताचा दाब. उष्णतेने हे प्लॅस्टिक मऊ होते आणि बरेचसे मूळ आकारावर येते. वरून भरायची लांबीही प्लॅस्टिकची लवचीक हवी. पत्र्यावर भरतात ती पॉलिस्टरची पुट्टी बंपरवर भरली की पहिल्या धक्क्याला तडकते. किंमत वेगळी असल्याने इथे हात आखडता घेतला जातो, म्हणून डबा पाहून घ्या. लांबी उघड्या पीपीवर थेट चढवायची की खाली प्रमोटर मारून, हे त्या डब्यावर लिहिलेले असते.

प्रमोटरचे दोन पातळ हात पुरतात. जाड मारला तर तोच थर कमकुवत होतो. त्याला घासायचे नाही, बोटही लावायचे नाही, आणि डब्यावर सांगितलेल्या मुदतीत पुढचा थर आला पाहिजे. पेंटर प्रमोटर मारून जेवायला गेला आणि चारला परतला, हे चालत नाही. घासलेले प्लॅस्टिक स्थिर विजेने धूळ ओढते, त्यामुळे शेवटचे पुसणे अँटिस्टॅटिक क्लीनरने, मग चिकट कापडाचा हलका हात.

बंपर गाडीवरच मास्किंग टेप लावून रंगवणे स्वस्त पडते. मी तरी तो काढूनच रंगवायला सांगेन. टेपच्या काठाला रंगाची कड तयार होते आणि पोपडा पुढे तिथूनच उचलतो. काढताना जुन्या क्लिपा तुटतात, त्या आधीच घेऊन ठेवा. त्या मिळण्याच्या बाबतीत करोल बागेचा बाजार अतुलनीय आहे. सेन्सरच्या वायर काढण्यापूर्वी फोनवर फोटो काढून ठेवा. स्टँडवर बंपर गाडीवर असतो त्याच आकारात ताणून बसवायला सांगा. लोंबता रंगवला आणि मग ओढून गाडीला बसवला तर नव्या रंगावर पहिल्याच दिवशी ताण येतो.

लवचीकपणा आणणारे द्रव्य, म्हणजे फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह, घालायचे की नाही यावर पेंटरांची भांडणे होतात. हार्डनर घालून वापरायचे आजचे पॉलियुरेथेन क्लिअर कोट पीपीच्या बंपरसाठी पुरेसे लवचीक असतात आणि कित्येक उत्पादक ते द्रव्य नको म्हणतात. मऊ पॉलियुरेथेनच्या बंपरला ते लागते. पीपीजी-एशियन पेंट्स, नेरोलॅक, निप्पॉन, अ‍ॅक्झाल्टा यांपैकी ज्याचा माल असेल त्याच्या माहितीपत्रकात लिहिले असेल तेच खरे, आणि प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सगळे एकाच घराण्याचे असावे. एनसी लॅकरवर काम उरकायला नकार द्या. ते ठिसूळ असते. साध्या स्प्रे कॅनचेही तेच. तळाशी हार्डनरची कळ असलेला दोन घटकांचा कॅन मिळाला तर तो लहान ओरखड्याला चालतो.

शेड जुळण्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. कारखान्यातही पत्रा आणि बंपर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तापमानाला रंगवतात. पत्रा १४० अंशांच्या भट्टीत जातो, प्लॅस्टिक ८० च्या आसपास. चंदेरी आणि मोती छटांत अ‍ॅल्युमिनियमचे कण कसे पडतात यावर रंग ठरतो, ते स्प्रे गनच्या अंतरावर आणि दाबावर अवलंबून असते. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो. मारुतीचा साधा पांढरा २६यू आणि मोतिया पांढरा झेडएचजे हे दोन वेगळे रंग आहेत, 'व्हाइट' एवढे सांगून भागत नाही. चाचणीचे कार्ड मारून ते उन्हात, गाडीच्या कोपऱ्याला धरून, उभे आणि वाकून दोन्ही कोनांतून पाहा. ट्यूबलाइटखाली पास करू नका.

दिल्लीची हवा हा या कामातला मोठा भाग आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरतो, हार्डनर नीट काम करत नाही, धुक्याच्या दिवशी रंगात पाणी धरते. मे-जूनमध्ये गनमधून निघालेला थेंब बंपरवर पोचेपर्यंत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. त्यात आंधी आली तर विचारू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणाने लॅकर पांढरे पडते. उघड्यावर काम करायचे तर फेब्रुवारी-मार्च आणि दसऱ्याच्या सुमाराचे दिवस बरे. दिवाळीच्या तोंडावर गर्दीमुळे सगळेच घाई करतात. माझे सांगणे असे, की सामान करोल बागेत घ्या, रंग मात्र ओखला, नारायणा, मायापुरीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये द्या. गल्लीतला कारागीर हाताने कमी नसतो, त्याच्याकडे बंद जागा आणि गाळलेली कोरडी हवा नसते.

घरच्या गच्चीवर स्वतः करून पाहण्याचा मोह असेल तर घासण्या-पुसण्यापर्यंत खुशाल करा. हार्डनर घातलेला रंग मात्र, तो दोन घटकांच्या कॅनमधला असला तरी, घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असतात, ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि वासावरून त्यांचा अंदाज येत नाही. रुमाल किंवा प्रदूषणाचा मास्क त्यांना अडवत नाही. ज्या दुकानात पेंटर तोंडाला गमछा बांधून क्लिअर मारतो तिथे तुमचे उभे राहणेही शहाणपणाचे नाही. त्याला योग्य मास्क घ्यायला दोन शब्द सांगितले तर वाया जाणार नाहीत.

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे मागच्या बंपरला भोके आणि डोळे आलेच. सेन्सर काढून ठेवायला सांगा. रंगाचा जाड थर बसला की ते चुकीचे बोलू लागतात. ज्या गाड्यांत बाजूच्या वाहनाची सूचना देणारे रडार बंपरमागे असते, तिथे त्या भागात लांबी भरणे आणि थरावर थर चढवणे उत्पादक नाकारतात. तिथे नवा बंपरच घ्यावा.

विम्याचे गणित आधी कागदावर करा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा असतो, रंगाच्या सामानावरही ५० टक्के. सामान-मजुरीचे एकत्र बिल असेल तर त्यातले २५ टक्के सामान धरतात. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची कपात. समजा बंपर ६,००० आणि रंगकाम ४,००० रुपयांचे झाले, तर ३,००० अधिक ५०० अधिक १,००० वजा जाऊन हातात येतात ५,५००. आणि ५० टक्के नो क्लेम बोनस असेल तर तो शून्यावर येतो. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० असेल तर पुढच्या वर्षी ४,५०० जास्त जातील, त्याच्या पुढच्या वर्षी बोनस २० टक्केच मिळाला की आणखी २,७००. म्हणजे दावा करून घाटाच. झीरो डेप असेल तर घसारा वाचतो, बोनस वाचवायला वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

रंग झाल्यावर आठवडाभर धुणे नको, महिनाभर वॅक्स आणि दुहेरी टेपच्या पट्ट्या नकोत. पुन्हा ओरखडा नको म्हणून दुकानदार लोखंडी गार्ड दाखवेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा ठरवले आहेत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन. बंपर चेपून धक्का पचवण्यासाठी असतो. गार्ड तो धक्का थेट चासीकडे नेतो आणि पादचाऱ्याला पोलाद लागते. दुकानात मिळतो म्हणून लावता येतो असे नाही.

जुना फाटका बंपर बदल्यात देऊन टाकण्याआधी त्याच्या आतल्या कडेच्या दोन-चार लांब पट्ट्या कापून डिकीत ठेवा. पुढच्या चिरेला वेल्डिंगची नेमक्या जातीची काडी तीच.